दोन लांबच्या विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

दोन विमानतळांची नावं सर्चमध्ये टाकली की लगेच दोन आकडे समोर येतात, इतके किलोमीटर आणि इतके तास, आणि आपण तेच धरून पुढचं सगळं ठरवतो. यातला किलोमीटरचा आकडा बहुतेक वेळा बरोबरच असतो. तासांच्या आकड्यावर मात्र माझा भरवसा नाही, कारण बऱ्याचशा कॅल्क्युलेटर साइट्स ते अंतर एका ठरलेल्या स्पीडने भागतात, वर अर्धा तास टाकतात आणि झालं उत्तर तयार. ओळखायची खूण सांगतो, त्याच साइटवर विमानतळांची अदलाबदल करून बघा, जाताना आणि येताना मिनिटापर्यंत तोच वेळ दाखवत असेल तर ती साइट वारा धरतच नाहीये, आणि दहा-बारा हजार किलोमीटरच्या प्रवासात वारा न धरता काढलेला वेळ हा नुसता अंदाज असतो.

म्हणून आधी स्वतःला विचारा की नेमकं काय हवंय. जमिनीवरचं अंतर, विमान हवेत किती वेळ असणार तो वेळ, गेटपासून गेटपर्यंतचा वेळ, की उतरल्यावर तिथल्या घड्याळात किती वाजलेले असतील ते? चारही वेगळ्या गोष्टी आहेत आणि गोंधळ होतो तो बहुतेक यांची सरमिसळ केल्यामुळेच. अंतर एकदा काढलं की काढलं, ते बदलत नाही. वेळ मात्र महिन्यानुसार, दिशेनुसार, कधी कधी तर राजकारणानुसारही बदलतो.

सुरुवात विमानतळ नक्की करण्यापासून. शहराचं नाव टाकू नका, तीन अक्षरी कोड टाका. सिडनी नावाचं शहर ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडातही आहे, सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकाची राजधानीही तीच, लंडन तर कॅनडाच्या ओंटारिओमध्येही आहे आणि तिथे विमानतळसुद्धा आहे. शिवाय मोठ्या शहरांना शहराचा म्हणून एक वेगळा कोड असतो ज्यात तिथले तीन-चार विमानतळ एकत्र मोडतात, टोकियोचंच बघा, हानेदा आणि नारिता यांच्यात साधारण ६० किलोमीटरचं अंतर आहे. आकाशातल्या अंतरात एवढ्याने काही फरक पडत नाही पण एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान पकडायचं असेल तर तुमचा अर्धा दिवस त्यातच जातो.

आता अंतर. सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती सगळ्यात जवळची वाट नसते, कारण पृथ्वी गोल आहे आणि शाळेच्या भिंतीवर असतो तो नकाशा ध्रुवांकडचा भाग ताणून दाखवतो. खरा जवळचा रस्ता म्हणजे ग्रेट सर्कल, भूगोलाच्या पुस्तकातलं बृहद्वृत्त. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा, दोरा जिथून जाईल तोच तो रस्ता. सिंगापूर ते न्यूयॉर्क असं करून बघाच, दोरा पॅसिफिकवरूनही जात नाही आणि युरोपवरूनही नाही, तो जातो सरळ उत्तर ध्रुवाच्या जवळून! हे हाताने करून बघितलं की ग्रेट सर्कल जे डोक्यात बसतं ते दहा वेळा वाचून बसत नाही, लहान मुलांना तर नक्की दाखवा.

आकडा काढायचा तर गुगल अर्थमधली रूलरची सोय वापरा किंवा ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट आहे तिथे दोन कोड टाका, ती रस्तासुद्धा काढून दाखवते. पण एकदा तरी स्वतः गणित करावं असं मला मनापासून वाटतं, अवघड नाहीये. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या, विकिपीडियावर प्रत्येक विमानतळाच्या पानावर असतात. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश वजा चिन्हाने लिहायचे, हे विसरलं की उत्तर पार भलतीकडेच जातं. मग दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, तो बाजूला ठेवा. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांमधल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार करा. दोन्हींची बेरीज, आणि त्या बेरजेचा उलटा कोसाइन घेतला की मिळतो पृथ्वीच्या मध्यापासूनचा कोन. एक अंश म्हणजे जवळपास १११.२ किलोमीटर, गुणा आणि संपलं. स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर अंशांचे आधी रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) करून घ्या कारण तिथली फंक्शन्स रेडियनच समजतात, उत्तर विचित्र आलं की पहिला संशय यावरच घ्यायचा.

उदाहरणाला पर्थ ते लंडन हीथ्रो घेऊ, ऑस्ट्रेलियातून युरोपला न थांबता जाणारं विमान. पर्थ अक्षांश उणे ३१.९४, रेखांश ११५.९७. हीथ्रो अक्षांश ५१.४७, रेखांश उणे ०.४५. रेखांशांतला फरक ११६.४२ अंश. साइनचा गुणाकार येतो उणे ०.४१४, कोसाइनवाला येतो उणे ०.२३५, बेरीज उणे ०.६४९, आणि त्याचा कोन साधारण १३०.५ अंश, म्हणजे सुमारे १४,५०० किलोमीटर. छापील आकडाही १४,४९९ च्या आसपासच आहे. जो काही किलोमीटरचा फरक राहतो तो पृथ्वी पूर्ण गोल नसल्यामुळे, विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवाशी ६,३५७, त्यामुळे साध्या गोलाच्या गणितात फार तर अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक येऊ शकते. प्रवासासाठी ती सोडून द्या.

एककांकडे मात्र नीट लक्ष द्या. विमानवाले नॉटिकल मैलात बोलतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा. दोघांत १५ टक्के फरक आहे, मोठ्या अंतरात एकाच्या जागी दुसरा धरला तर दोन हजार किलोमीटर सहज चुकतात. नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल. आणि उत्तर बरोबर आहे का याची एक झटपट तपासणी, पृथ्वीवरच्या कुठल्याही दोन जागांमधलं सगळ्यात कमी अंतर २०,००० किलोमीटरच्या फारसं वर जाऊच शकत नाही, कारण तो अख्ख्या परिघाचा निम्मा झाला, त्यामुळे कुठे २३,००० वगैरे दिसलं तर ते कुठेतरी थांबून जाणाऱ्या रस्त्याचं तरी आहे नाहीतर चुकीचं आहे.

आता वेळ. लांब पल्ल्याची मोठी विमानं आवाजाच्या वेगाच्या साधारण ०.८५ पट वेगाने जातात, ११ किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंशाच्या आसपास थंड असते, तिथे हा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या जवळ येतो. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, विमानतळाजवळ वळसे घ्यावे लागतात, जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि उतरल्यावर गेटपर्यंत येण्यात १५ ते ३० मिनिटं आरामात जातात. हे सगळं एकत्र धरून मी एक साधा नियम वापरतो, अंतराला ८५० ने भागायचं आणि अर्धा तास मिळवायचा. पर्थ-लंडन करा, १४,५०० भागिले ८५० म्हणजे १७ तास आणि वर अर्धा, साडेसतरा. प्रत्यक्षातही लंडनकडे जाताना सव्वासतरा-साडेसतराच लागतात. सिंगापूर-न्यूयॉर्क सुमारे १५,३५० किलोमीटर, नियमाने साडेअठरा तास, टाइमटेबलमध्ये त्याच्याहून जराच जास्त दिसतो. म्हणजे पहिला अंदाज म्हणून हा नियम चांगला आहे, फक्त तो शेवटचा आकडा समजू नका, कारण अजून वारा यायचाय.

वारा हाच या सगळ्यातला सगळ्यात मोठा भाग आहे आणि लोक नेमका तोच सोडतात. ज्या उंचीवर विमानं उडतात तिथे उत्तर आणि दक्षिण दोन्ही गोलार्धांच्या मधल्या पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, ताशी १००-२०० किलोमीटर नेहमीचं आणि हिवाळ्यात त्याहूनही जास्त. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत ९००, पण हवाच सरकत असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग वेगळा, नदीत प्रवाहाबरोबर पोहणं आणि प्रवाहाविरुद्ध पोहणं यात जसा फरक पडतो तसाच. न्यूयॉर्क-लंडन साधारण ५,५५० किलोमीटर आहे. समजा १०० चा वारा आहे, पूर्वेला जाताना वेग १,००० म्हणजे साडेपाच तास, पश्चिमेला येताना ८०० म्हणजे जवळपास सात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता आणि तरीही विमानाने आवाजाचा वेग ओलांडलेला नव्हता, कारण तो वेग आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत मोजतात. तोच वारा त्या दिवशी उलट्या दिशेच्या विमानांना किती महागात पडला असेल विचार करा!

अजून एक बारीक गोष्ट, जाताना वाचलेला वेळ आणि येताना गेलेला वेळ एकमेकांना खोडत नाहीत. वरचंच गणित पुढे नेलं तर वारा नसताना जाऊन-येऊन १२ तास २० मिनिटं, वारा असताना १२ तास २९ मिनिटं. कारण उलट्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकून असता. म्हणजे एका बाजूचा वेळ माहीत आहे म्हणून परतीचा वेळ नुसत्या अंदाजाने टाकू नका, दोन्ही वेगवेगळे शोधा.

उत्तर-दक्षिण जाणाऱ्या विमानांना हा त्रास फारसा नाही. लंडन ते जोहान्सबर्ग ९,००० किलोमीटरच्या वर आहे पण जाताना-येताना दोन्हीकडे ११ तासांच्या आसपासच लागतात, आणि दोन्हीकडच्या घड्याळांतही एक-दोन तासांचाच फरक, त्यामुळे तेवढंच अंतर पूर्व-पश्चिम कापल्यावर शरीराची जी दशा होते ती तिथे होत नाही.

मग खरा आकडा कुठून मिळवायचा? झालेल्या फ्लाइट्स बघा. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या ट्रॅकर साइट्सवर फ्लाइट नंबर टाकला की गेल्या काही दिवसांत ती कधी उडाली, कधी उतरली, कुठल्या वाटेने गेली ते सगळं दिसतं. पाच-सहा दिवसांचे आकडे घ्या, एकाच दिवसावर जाऊ नका. आणि तुमचा प्रवास जानेवारीत असेल तर जुलैमधल्या फ्लाइट्सवरून ठरवू नका. टाइमटेबलमधला वेळ गेट ते गेट असतो आणि त्यात कंपन्या थोडी जास्तीची मिनिटं धरून ठेवतात, म्हणूनच उशिरा सुटलेलं विमानही बऱ्याचदा वेळेवर पोचतं. ट्रॅकरवरचा वेळ मात्र कित्येकदा उड्डाण ते उतरणं एवढाच असतो. दोन्हींत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक दिसला तर दचकू नका.

वाट बघितलीत तर अजून एक गोष्ट दिसेल, विमान ग्रेट सर्कलवरून जातंच असं नाही. सिंगापूर-न्यूयॉर्कची विमानं कित्येकदा पॅसिफिकवरून जातात, अंतर वाढलं तरी पाठीमागून वारा मिळतो आणि वेळ वाचतो. तिबेटच्या पठारावरूनही प्रवासी विमानं शक्यतो जात नाहीत, केबिनमधला दाब गेला तर विमानाला झटकन तीन किलोमीटरच्या आसपास खाली यावं लागतं आणि तिथे जमीनच चार-साडेचार किलोमीटर उंच आहे. दोन इंजिनांच्या विमानांना एक इंजिन बंद पडलं तरी ठरलेल्या वेळात एखाद्या विमानतळावर पोचता आलं पाहिजे असा नियम आहे, दक्षिणेकडच्या ओसाड समुद्रांवर तो जास्त जाणवतो. आणि हवाई हद्द बंद झाली तर विचारूच नका, हेलसिंकी-टोकियो अंतर ८,००० किलोमीटरच्याही आत आहे आणि आधी रशियावरून साडेनऊ तासांत विमान पोचायचं, २०२२ पासून रशियाची हद्द बंद झाल्यावर तेच विमान वळसा घालून साधारण १३ तास घेतं. विमानतळ तेच, अंतर तेच, साडेतीन तास जास्त. म्हणूनच जुन्या पानांवरचे तास जसेच्या तसे उचलू नका.

घड्याळाचं गणित करताना एकच सवय लावून घ्या, सगळं यूटीसीमध्ये, म्हणजे जगभरासाठी ठरलेल्या एका समान वेळेत करायचं. निघण्याची स्थानिक वेळ यूटीसीत बदला, प्रवासाचे तास मिळवा, मग उतरण्याच्या ठिकाणच्या वेळेत बदला. मधे कुठेही "ते आपल्यापुढे आठ तास की मागे" असलं तोंडी काही नको. पर्थहून लंडनला न थांबता जाणारं पहिलं विमान २४ मार्च २०१८ ला संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास निघालं आणि २५ मार्चला पहाटे पाचच्या सुमारास उतरलं. पर्थ यूटीसीच्या आठ तास पुढे, हिवाळ्यातलं लंडन यूटीसीबरोबर, म्हणून कोणी आठ तासांचा फरक धरून हिशोब केला तर प्रवास सव्वाअठरा तासांचा निघतो. पण नेमकं त्याच रात्री ब्रिटनमधली घड्याळं एक तास पुढे केली गेली होती, म्हणजे खरा वेळ सव्वासतरा तासांचा.

उन्हाळ्यापुरतं घड्याळ एक तास पुढे करण्याचं, म्हणजे उन्हाळी वेळेचं हे प्रकरण मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फार छळतं. युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतो, अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडनमधला फरक पाचचा चार तास होतो. सिडनीत तर उलटं, तिथे ऑक्टोबर ते एप्रिल उन्हाळी वेळ. पर्थमध्ये उन्हाळी वेळ नाहीच. शिवाय सगळे फरक पूर्ण तासांचे नसतात, अॅडलेड यूटीसीच्या साडेनऊ तास पुढे आहे (उन्हाळी वेळेत साडेदहा) आणि काठमांडू पावणेसहा.

तारीखरेषा ओलांडणार असाल तर यूटीसीशिवाय पर्यायच नाही. जानेवारीत ऑकलंड यूटीसीच्या १३ तास पुढे असतं आणि लॉस एंजेलिस ८ तास मागे. १० तारखेला रात्री ८ ला ऑकलंडहून निघालात, यूटीसीत सकाळचे ७ वाजलेत, बारा तास उडालात की यूटीसी संध्याकाळी ७, आणि लॉस एंजेलिसमध्ये १० तारखेचेच सकाळचे ११. निघायच्या आधीच पोचलात! येताना लॉस एंजेलिसहून १० तारखेला रात्री १० ला निघा, यूटीसीत ११ तारखेचे सकाळचे ६, तेरा तासांनी संध्याकाळचे ७, ऑकलंडमध्ये १२ तारखेची सकाळ ८. मधली ११ तारीख तुमच्या हाताला लागतच नाही, त्यामुळे त्या दिवशी कुणाचा वाढदिवस किंवा काही महत्त्वाचं काम असेल तर आधीच बघून ठेवा.

सरळ विमान नसेल तर मधे कुठे थांबायचं हे निवडतानाही आधी अंतराची बेरीज करा. लंडन-सिडनी ग्रेट सर्कलने साधारण १७,००० किलोमीटर. सिंगापूरमार्गे १०,९०० आणि ६,३०० मिळून १७,२००, म्हणजे वळसा जवळजवळ नाहीच. तेच लॉस एंजेलिसमार्गे ८,८०० आणि १२,००० च्या वर, जवळपास २१,०००, हवेतच साडेचार तास जास्त. तिकीट स्वस्त दिसलं तरी हे बघून ठरवा. अमेरिकेत शिवाय नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावं लागतं, म्हणून तिथे दीड तासाचं कनेक्शन मी तरी घेणार नाही. डायरेक्ट लिहिलेलं विमानही मधे कुठेतरी उतरू शकतं, फ्लाइट नंबर एकच राहतो इतकंच, न थांबता जायचं असेल तर नॉनस्टॉप शोधा. आणि दोन वेगळी तिकिटं काढणार असाल तर मधे भरपूर वेळ ठेवा, कारण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीवर तुमची जबाबदारी नसते.

शेवटी तिकिटावर उतरण्याच्या वेळेशेजारी लहान अक्षरात +१ किंवा +२ लिहिलेलं असतं ते वाचाच, तारीख त्यावरूनच कळते. हॉटेलचं बुकिंग त्या तारखेवरून करा आणि विमान मध्यरात्रीनंतर लगेच उतरत असेल, समजा १२ तारखेला रात्री १२:४० ला, तर खोली ११ तारखेच्या रात्रीची घ्यायची आणि उशिरा येतोय हे हॉटेलला आधी कळवून ठेवायचं, नाहीतर १२ चं बुकिंग हातात घेऊन दुपारच्या चेक-इनपर्यंत लॉबीत बसावं लागतं.